इन्व्हॉइसवर ‘व्हॉल्व्ह पार्ट्स’ लिहिलं, म्हणून सगळं ८४८१.९० होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका प्रोसेस प्लँटसाठी परदेशातल्या उत्पादकाकडून इंडस्ट्रियल व्हॉल्व्हचे सुटे भाग येणार आहेत. इन्व्हॉइसवर बावीस ओळी आहेत. बॉडी कास्टिंग, बॉल, सीट रिंग, स्टेम, ओ-रिंग, स्पायरल वाउंड गास्केट, स्टड-नट, स्प्रिंग, न्यूमॅटिक अ‍ॅक्चुएटर (हवेच्या दाबाने व्हॉल्व्ह उघडबंद करणारं साधन), रिपेअर किट असा सगळा माल. पुरवठादाराने बावीसही ओळींपुढे एकच कस्टम्स कोड टाकलाय, ८४८१.९०, म्हणजे ‘व्हॉल्व्हचे सुटे भाग’. कस्टम्स ब्रोकर म्हणतो, तसंच जाऊ द्या. कंपनीचे ऑडिटर म्हणतात, प्रत्येक ओळीला तिचा तिचा कोड हवा. कोणाचं ऐकायचं?

ऑडिटरचं ऐका. ब्रोकर उगाच बोलत नाहीये हेही खरं, कारण बावीसपैकी निम्म्याच्या आसपास ओळी शेवटी ८४८१.९० मध्येच जातील. पण उरलेल्या ओळींवरून पुढे दोन-तीन वर्षांनी कस्टम्सची नोटीस येते, आणि तेव्हा ‘पुरवठादाराने लिहिलं होतं’ हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही. कोड बरोबर टाकायची जबाबदारी माल आणणाऱ्याची असते.

तुमची खरी अडचण कोड सापडत नाही ही नाहीच. अडचण ‘पार्ट’ या शब्दाची आहे. स्टोअरकीपरच्या दृष्टीने व्हॉल्व्हमधून निघतं आणि व्हॉल्व्हमध्ये बसतं ते सगळं व्हॉल्व्हचा पार्ट. टॅरिफच्या, म्हणजे कस्टम्सच्या वर्गीकरणाच्या यादीच्या, दृष्टीने तसं नसतं. टॅरिफ आधी विचारतं, या वस्तूला स्वतःचं घर दुसरीकडे आहे का? असेल तर ती तिकडे जाते, मग ती कितीही खास तुमच्या व्हॉल्व्हसाठी बनवलेली असो. घर नसेल तरच ती व्हॉल्व्हच्या घरात राहायला येते. ८४८१.९० वर शेवटी पोचायचं असतं. बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात आणि घोळ होतो.

एक अट आधीच सांगतो. मी जे लिहितोय ते पहिल्या सहा अंकांपुरतं. हार्मोनाइज्ड सिस्टिम, म्हणजे या कोडांची आंतरराष्ट्रीय पद्धत, १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे, सध्या तिची २०२२ची आवृत्ती चालते, आणि सहा अंकांपर्यंत ती वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखी असते. पुढचे अंक, ड्युटीचे दर, सवलती, मुक्त व्यापार करारातले मूळ देशाचे नियम हे ज्याचं त्याचं. त्यामुळे ड्युटी वाढेल की कमी होईल ते मी सांगणार नाही. दोन्ही होऊ शकतं. स्प्रिंग वेगळी काढली म्हणून ड्युटी कमी झालेली प्रकरणंही मी पाहिली आहेत.

आता क्रम. टॅरिफचे मोठे विभाग म्हणजे सेक्शन, आणि कोडचे पहिले दोन अंक म्हणजे चॅप्टर. यंत्रांच्या सेक्शन १६ मध्ये चॅप्टर ८४ आणि ८५ येतात. त्याची टीप २ सुट्या भागांविषयी आहे आणि सगळे तीच उघडतात. पण तिच्या पहिल्याच वाक्यात म्हटलंय की हे सगळं टीप १ ला आणि चॅप्टर ८४च्या टीप १ ला अधीन राहून. म्हणजे आधी ‘काय बाहेर’ ते पाहायचं, मग ‘आत कुठे’. हा क्रम उलटा केला की उत्तर चुकतं.

बाहेर जाणाऱ्यांत पहिला मोठा गट ‘पार्ट्स ऑफ जनरल यूज’चा. त्याची व्याख्या सेक्शन १५च्या, म्हणजे बेस मेटलच्या (लोखंड, तांबं, अ‍ॅल्युमिनियम असे साधे धातू) सेक्शनच्या, टीप २ मध्ये आहे. ७३०७ची पाइप फिटिंग, ७३१२चे वायर रोप, ७३१५च्या साखळ्या, ७३१७-७३१८चे खिळे, बोल्ट, नट, स्टड, वॉशर आणि इतर बेस मेटलमधल्या तशाच वस्तू. शिवाय घड्याळाच्या सोडून बाकी स्प्रिंग. आणि ८३१०च्या नेमप्लेटसारखी किरकोळ मंडळी. तुमच्या यादीतले बॉनेटचे (व्हॉल्व्हच्या झाकणाचे) स्टड-नट इथेच संपले: ७३१८. चेन व्हीलची साखळी मागवली असेल तर ७३१५. टॅग नंबर कोरलेली स्टीलची पट्टी सुटी आली तर ८३१०.

स्प्रिंगबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण या धंद्यातला माझा पहिला धडा तोच होता. सेफ्टी व्हॉल्व्हच्या स्प्रिंग होत्या. सेट प्रेशरच्या रेंजप्रमाणे रंग दिलेल्या, प्रत्येकीवर नंबर कोरलेला, सोबत टेस्ट सर्टिफिकेट. मी उत्पादकाकडून छान पत्र आणलं होतं की ही स्प्रिंग याच मॉडेलच्या व्हॉल्व्हशिवाय जगात कुठेही बसत नाही. अधिकाऱ्याने पत्र शांतपणे वाचलं, टॅरिफची पुस्तिका उघडली, सेक्शन १५च्या टिपेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “पत्र खरं आहे हो, पण मी हे विचारलंच नाही.” बरोबर होतं त्यांचं. ‘जनरल यूज’ हे व्याख्येचं नाव आहे, वापराची कसोटी नाही. स्टीलची हेलिकल स्प्रिंग म्हटली की ७३२०.२०, तिचा वापर कितीही खास असो. त्या दिवसापासून ‘फक्त याच व्हॉल्व्हसाठी’ हे वाक्य मी फाइलमध्ये फार जपून वापरतो. सेक्शन १६च्या टीप २(ब) पर्यंत (ती पुढे येतेय) पोचलेल्या वस्तूंसाठी ते सोन्यासारखं आहे, त्याआधी त्याची किंमत शून्य.

दुसरा गट पदार्थावरून बाहेर जाणाऱ्यांचा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

रबर घ्या. सेक्शन १६ची टीप १(अ) म्हणते की यंत्रात वापरायच्या, कडक रबर सोडून इतर व्हल्कनाइज्ड रबराच्या वस्तू सेक्शनबाहेर, ४०१६ मध्ये. त्यामुळे नायट्राइलची किंवा ईपीडीएमची ओ-रिंग ४०१६.९३. हे बहुतेकांना माहीत असतं. लक्षात येत नाही ती गोष्ट अशी की डायफ्राम व्हॉल्व्हचा निव्वळ रबराचा डायफ्रामही याच टिपेने बाहेर जातो. तो व्हॉल्व्हचा जीव आहे, त्याच्याशिवाय व्हॉल्व्ह चालत नाही, सगळं मान्य. तरी ४०१६. धातूच्या चकतीवर रबर चढवलेला भाग असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे मुख्य स्वरूप कशाने येतं ते ड्रॉइंगवरूनच ठरवावं लागतं.

आता प्लास्टिक. रबराचा नियम प्लास्टिकला लावू नका. टीप १ प्लास्टिकच्या मुख्यतः त्या वस्तू बाहेर काढते ज्या ‘जनरल यूज’च्या वस्तूंसारख्या आहेत, म्हणजे प्लास्टिकचे बोल्ट, वॉशर वगैरे. उलट चॅप्टर ३९ची स्वतःची टीप सेक्शन १६च्या वस्तू आपल्याकडे घेत नाही. म्हणून बॉलच्या गोलाईला जुळणारा पृष्ठभाग घडवलेली पीटीएफईची (टेफ्लॉनची) सीट रिंग मी ८४८१.९० मध्येच टाकतो, आणि पीटीएफईची सपाट, साधी गास्केट ३९२६.९० मध्ये. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, एकाच पिशवीत आलेल्या. फरक इतकाच की एक व्हॉल्व्हचा प्रवाह बंद करणारा भाग म्हणून घडवलेली आहे आणि दुसरी कुठल्याही सांध्यात बसेल.

ग्राफाइट आणि सिरॅमिक चॅप्टर ८४च्या टीप १ मुळे बाहेर जातात. ग्लँडमध्ये, म्हणजे स्टेमभोवतीची गळती रोखणाऱ्या भागात, बसणाऱ्या निव्वळ ग्राफाइटच्या रिंग चॅप्टर ६८ मध्ये, ६८१५. आणि सिरॅमिकबद्दल ती टीप चांगलीच कडक आहे: यंत्र कुठल्याही पदार्थाचं असू द्या, त्याचा सिरॅमिकचा भाग चॅप्टर ६९ मध्ये. स्लरीच्या लाइनवर सिरॅमिक बॉल किंवा सिरॅमिक लायनर वापरत असाल तर ही ओळ दोनदा वाचा. टंगस्टन कार्बाइडची सीट मात्र सिरॅमिक नाही. सिंटर्ड कार्बाइड टॅरिफमध्ये धातूच्या बाजूला, सेक्शन १५ मध्ये मोजलं जातं, त्यामुळे ती व्हॉल्व्हचा भाग म्हणून ८४८१.९० मध्ये राहते. बोलताना कोणी ‘हार्ड सिरॅमिक सीट’ म्हणून मोकळं होतं आणि तसंच इन्व्हॉइसवर उतरतं. मटेरियल सर्टिफिकेट मागून घ्या.

बाहेर जाणाऱ्यांची चाळणी झाली की टीप २ वर यायचं. २(अ) सांगते की जो भाग चॅप्टर ८४ किंवा ८५च्या एखाद्या हेडिंगमध्ये (कोडच्या पहिल्या चार अंकांत) स्वतःच्या नावाने बसतो, तो त्याच हेडिंगमध्ये जातो. (८४०९, ८५०३ अशी जी हेडिंग मुळातच सुट्या भागांसाठी आहेत, ती यात धरत नाहीत.) मग २(ब): उरलेला भाग फक्त किंवा मुख्यतः एकाच प्रकारच्या यंत्रासाठी योग्य असेल तर त्या यंत्रासोबत. तुमचं ८४८१.९० इथे, सगळ्यात शेवटी भेटतं. २(क) म्हणजे इथेही न बसलेल्यांची खोली, ८४८७. पंपातही आणि व्हॉल्व्हमध्येही सारखीच चालणारी एखादी धातूची ग्लँड तिथे जाऊ शकते.

२(अ) मुळे तुमच्या यादीतल्या कोणत्या ओळी हलतात? पहिली स्पायरल वाउंड गास्केट. धातूची पट्टी आणि ग्राफाइट किंवा पीटीएफईचं फिलर एकत्र गुंडाळलेलं असल्याने ती ८४८४.१०. पण नुसत्या मऊ लोखंडाची एकसंध रिंग जॉइंट गास्केट ८४८४ मध्ये बसत नाही, कारण तिथे धातू आणि दुसरा पदार्थ, किंवा धातूचे दोन थर लागतात. ती चॅप्टर ७३ मध्ये.

दुसरी, सुटे अ‍ॅक्चुएटर. हवेवर चालणारा सिलिंडर ८४१२: आउटपुट सरळ रेषेत असेल तर ८४१२.३१, नसेल तर ८४१२.३९. इलेक्ट्रिक अ‍ॅक्चुएटर, म्हणजे मोटर, रिडक्शन गिअर, ड्राइव्ह शाफ्ट आणि सोबत हँडव्हील वगैरे असलेला, ८५०१ मध्ये. हाच अ‍ॅक्चुएटर व्हॉल्व्हवर बसवून आला तर मात्र सगळं मिळून ८४८१, कारण व्हॉल्व्ह हाताने चालतो, मोटरने की सॉलेनॉइडने याने त्याचं हेडिंग बदलत नाही. त्यामुळे ऑर्डर देतानाच ठरवा, बसवून मागवायचे की सुटे. कोड बदलतो म्हणून खरेदीची पद्धत बदला असं मी म्हणत नाही. कागद मालाशी जुळू द्या, एवढंच.

तिसरी ओळ जरा गमतीची, बॉल. बॉल व्हॉल्व्हचा बॉल, आरपार भोक आणि वर स्टेमची खाच असलेला, हा ८४८१.९०. पण चेक व्हॉल्व्हमध्ये जो भरीव, गुळगुळीत स्टीलचा गोळा असतो तो बेअरिंगच्या हेडिंगमध्ये जाऊ शकतो. चॅप्टर ८४च्या एका टिपेप्रमाणे पॉलिश केलेले स्टीलचे गोळे, ज्यांचा सर्वात मोठा आणि सर्वात छोटा व्यास नाममात्र व्यासापेक्षा १ टक्का किंवा ०.०५ मिमी यांतल्या कमी असलेल्या मर्यादेपलीकडे जात नाही, ते ८४८२. त्याहून ढोबळ गोळे ७३२६. २० मिमीच्या गोळ्याचा १ टक्का म्हणजे ०.२ मिमी, म्हणजे त्याला ०.०५ मिमीचीच मर्यादा लागते. मायक्रोमीटर घेऊन दोन गोळे मोजायला पाच मिनिटं लागतात. मी ती पाच मिनिटं घेतो, कारण गोदामात उभं राहून मोजलेल्या आकड्याशी वाद घालणं कोणालाच सोपं नसतं.

स्टेमबद्दल एक सूचना. बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या स्टेमला बरेच उत्पादक ‘शाफ्ट’ म्हणतात. मागे एका खेपेत तोच शब्द इन्व्हॉइसवर आला आणि लगेच विचारणा झाली की हा ट्रान्समिशन शाफ्ट, म्हणजे ८४८३ का नाही? मी असेंब्ली ड्रॉइंग दाखवलं: डिस्क धरते, पाव फेरी फिरते, तिच्यावर डिस्कच्या पिनांची भोकं आहेत, व्हॉल्व्हबाहेर तिला काही काम नाही. मान्य झालं, पण आठवडा गेला. एका शब्दामुळे.

रिपेअर किटवर लोक फार अडतात, म्हणून थोडं सविस्तर. किटमध्ये फक्त गास्केट आणि सील असतील, एका पाकिटात बंद, आणि किमान दोन वेगवेगळ्या पदार्थांचे, तर ते सगळं पाकीट ८४८४ मध्ये ‘वेगवेगळ्या बनावटीच्या गास्केटचा संच’ म्हणून जातं. पाच ओ-रिंग, पाचही रबराच्या: संच नाही, ४०१६. त्यातली एक काढून तांब्याची वॉशर टाकली: संच झाला. पण किटमध्ये सीट, स्टेम, सर्क्लिप अशा इतर वस्तूही असतील तर ८४८४ची ही सोय हातातून जाते. मग पाहावं लागतं की ते टॅरिफच्या अर्थाने ‘किरकोळ विक्रीसाठी मांडलेला संच’ आहे का, म्हणजे एकाच कामासाठी एकत्र केलेला आणि पुन्हा न बांधता थेट वापरणाऱ्याला देता येईल असा. असेल तर मुख्य स्वरूप देणाऱ्या वस्तूचा कोड सगळ्या किटला. नसेल तर पिशवी फोडून ओळीओळीने. तुमच्या इन्व्हॉइसवर ‘किट, १२ नग’ एवढंच आहे. आत काय आहे त्याची यादी पुरवठादाराकडून घेतल्याशिवाय ही ओळ कोणी सोडवू शकणार नाही.

आता एक उलटा सापळा. भाग भाग म्हणता म्हणता सगळा व्हॉल्व्हच आला तर? टॅरिफचा अर्थ लावण्याचा सर्वसाधारण नियम २(अ) सांगतो की सुटं करून आणलेली पूर्ण वस्तू पूर्णच धरायची, आणि अपुरी वस्तूही मुख्य स्वरूप आलेलं असेल तर पूर्ण धरायची. (सेक्शन १६ची टीप २(अ) वेगळी, हा नियम वेगळा, नाव सारखं असल्याने फोनवर हमखास गोंधळ होतो.) तुमच्या यादीत एकाच साइझच्या दहा बॉडी, दहा बॉल, दहा स्टेम, वीस सीट असतील तर हँडल आणि बोल्ट नाहीत म्हणून ते ‘पार्ट्स’ राहत नाहीत. ते दहा बॉल व्हॉल्व्ह आहेत, ८४८१.८०. नगांची संख्या तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. आकडे जुळतायत का ते तुम्हीच आधी पाहा.

पूर्ण व्हॉल्व्ह धरला गेला तर आणखी एक पायरी. हायड्रॉलिक किंवा न्यूमॅटिक शक्ती पोचवणाऱ्या सर्किटमधला व्हॉल्व्ह ८४८१.२० मध्ये जातो आणि ते सबहेडिंग (सहा अंकी कोड) बाकीच्यांवर मात करतं. तसल्या सर्किटमधला चेक व्हॉल्व्हही ८४८१.३० नव्हे, ८४८१.२०. सुट्या भागांना ही भानगड नाही. सगळ्या जातींच्या व्हॉल्व्हच्या भागांना सहा अंकी एकच जागा.

नावावर जायचं नाही हे पटवायला मी नव्या मुलांना चार ‘व्हॉल्व्ह’ देतो. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह: ८४८१. डिझेल इंजिनचा इनलेट व्हॉल्व्ह: ८४०९, कारण तो स्वतः पूर्ण व्हॉल्व्ह नाही, इंजिनचा भाग आहे. एअर कॉम्प्रेसरचा सक्शन व्हॉल्व्ह: ८४१४. जुन्या रेडिओतला काचेचा व्हॉल्व्ह: ८५४०. चारपैकी एकच ८४८१ मध्ये.

कागदांचं म्हणाल तर पुरवठादाराकडून चार गोष्टी ओळीओळीने मागा: वस्तू काय आहे, कशाची आहे, व्हॉल्व्हमध्ये काय काम करते, ड्रॉइंग नंबर काय. त्याचा कोड त्याच्या देशातल्या निर्यातीसाठी असतो. तो तुम्हाला बांधील नाही आणि तुमच्या कस्टम्सलाही नाही. हाच माल दरवर्षी येणार असेल आणि रक्कम मोठी असेल तर अ‍ॅडव्हान्स रूलिंग, म्हणजे माल यायच्या आधीच कस्टम्सकडून कोडबद्दलचा लेखी निर्णय, घ्या. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ३ मध्ये सदस्य देशांनी अशी सोय द्यावी असं आहे. दिलेलं रूलिंग अर्जदाराच्या बाबतीत त्या देशाच्या कस्टम्सवर बंधनकारक असतं. बावीसही ओळींसाठी धावू नका. स्टड-नटसाठी रूलिंग मागणं म्हणजे वेळेची नासाडी. किट आणि रबर-धातूचे जोडभाग, इतकंच पुरे.

मागच्या खेपांचं तुम्ही ओझरतं विचारलंय. त्याही सरसकट ८४८१.९० मध्ये गेल्या असतील तर आधी फरकाचा तक्ता करा, दोन्ही बाजूंचा, कमी भरलेला आणि जास्त भरलेला. मग तुमच्या देशात स्वतःहून दुरुस्ती करायची मुदत काय आहे ते वकिलाला विचारा. विचारणा यायच्या आधी गेलेला माणूस आणि नंतर गेलेला माणूस यांना मिळणारी वागणूक एकसारखी नसते.

राहिली बॉडी कास्टिंगची ओळ, आणि तिथे मी अडलोय. नियम २(अ) प्रमाणे जे कच्चं कास्टिंग तयार वस्तूच्या आकाराला आलेलं आहे आणि जे त्याच वस्तूसाठी सोडून सहसा कशालाच वापरता येणार नाही, ते तयार भागासारखंच धरतात: ८४८१.९०. पुढे मशिनिंग बाकी असलं तरी चालतं. पण नुसता बार कापून आणला असेल, किंवा आकार अजून कुठल्याही फिटिंगचा होऊ शकेल असा ढोबळ असेल, तर तो चॅप्टर ७२ किंवा ७३ मध्येच राहतो. तुम्ही ‘अनमशिन्ड’ एवढंच लिहिलंय. कास्टिंगचे दोन फोटो पाठवा, एक फ्लँजच्या बाजूने आणि एक वरून. आतली पोकळी आणि सीट बसायचा खांदा कास्टिंगमध्येच आलेला दिसला, तर त्या ओळीपुढे पुरवठादाराने टाकलेला कोड तसाच राहू द्या.